अभिज्ञान आणि जुळणी : क्रीडामहोत्सवाच्या दारातील परका

१

आंतरराष्ट्रीय क्रीडामहोत्सव हा आधुनिक राष्ट्राने आपल्या आतिथ्याचा मांडलेला सर्वांत मोठा जाहीर प्रयोग असतो. सीमा राखणे हे एरवी ज्याचे प्रमुख काम, ते राष्ट्र अशा वेळी काही आठवडे यजमान होते आणि जगाला घरी बोलावते. नेमकी याच वेळी त्याच्या दारावरची तपासणी सर्वाधिक कडक होते, हाही गेल्या दोन दशकांचा अनुभव आहे. परदेशी पाहुण्याच्या बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घ्यावे, संगणकातील संग्रहाशी ते ताडून पाहावे आणि मगच त्याला आत सोडावे, या बायोमेट्रिक पद्धतीला क्रीडामहोत्सवांनी दोन प्रकारे बळ दिले आहे : काही ठिकाणी ती नव्याने आणण्यास निमित्त पुरवून, आणि काही ठिकाणी आधीपासून असलेल्या पद्धतीचा व्याप वाढवून.

या तपासणीविषयीची चर्चा बहुधा सुरक्षितता आणि खासगीपणा या दोन शब्दांभोवती फिरते. दोन्ही प्रश्न खरे आहेत. तथापि दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून चालतात. 'ओळख' म्हणजे काय हे जणू आधीच ठरून गेले आहे. ती किती काटेकोरपणे पटवावी आणि तिची नोंद कोणी ठेवावी, एवढेच काय ते ठरायचे आहे. हे गृहीतच तपासण्याजोगे आहे.

मराठी भाषेने या बाबतीत एक उपयुक्त भेद करून ठेवला आहे. 'ओळख होणे' आणि 'ओळख पटणे' या दोन निराळ्या क्रिया आहेत. ओळख होण्यास दोन माणसे लागतात. दोघांनाही काही सांगावे लागते, आणि ती झाल्यावर दोघांचाही परस्परांशी काही संबंध निर्माण होतो. ओळख पटण्यास एकच सक्रिय पक्ष पुरतो. वृत्तपत्रांतून ओळख पटते ती बव्हंशी बेवारस मृतदेहाची किंवा संशयित आरोपीची. ज्याची पटवायची त्याने तोंड उघडण्याची गरज नसते. बायोमेट्रिक तपासणी ही या दुसऱ्या क्रियेचे अत्यंत शुद्ध रूप आहे. तिला नेमके नाव द्यायचे तर 'जुळणी' म्हणावे लागेल. पाहुण्याशी होणाऱ्या ओळखीची जागा या जुळणीने घेतली, तर आतिथ्य नावाच्या मूल्याचे काय होते, हा येथील प्रश्न आहे.

२

हा प्रश्न टोकियोच्या उदाहरणात सर्वांत स्पष्टपणे दिसतो. जपानमध्ये परदेशी रहिवाशांचे ठसे घेण्याची पद्धत १९५५ पासून अमलात होती. १९८० च्या दशकात कोरियन वंशाच्या अनेक रहिवाशांनी ठसे देण्यास जाहीर नकार दिला. त्यांतील कित्येकांचा जन्मच जपानमध्ये झालेला होता. जन्मभूमीने आपल्याला गुन्हेगाराप्रमाणे वागवावे, हा त्यांच्या दृष्टीने अपमान होता. या चळवळीच्या दडपणाखाली १९९३ मध्ये विशेष स्थायी रहिवाशांना या सक्तीतून मुक्त करण्यात आले आणि २००० मध्ये ती प्रथाच बंद झाली. पुढे सातच वर्षांनी, २० नोव्हेंबर २००७ पासून, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या बहुतेक सर्व परदेशी प्रवाशांच्या दोन्ही तर्जनींचे ठसे आणि छायाचित्र प्रवेशाच्या वेळी घेतले जाऊ लागले. घरातल्या परक्यांनी लढून जे नाकारले, ते दारातल्या परक्यांवर आले. दारातला परका एकेकटा येतो, थोड्या दिवसांत जातो, आणि त्याची चळवळ उभी राहू शकत नाही.

२०१३ साली ऑलिंपिकचे यजमानपद मिळवण्यासाठी जपानने जे निवेदन केले, त्यात 'ओमोतेनाशी' या शब्दाला मध्यवर्ती स्थान होते. पाहुण्याने मागण्यापूर्वीच त्याची गरज ओळखून, परतफेडीची अपेक्षा न धरता केलेले स्वागत, असा त्या शब्दाचा आशय आहे. यजमानपद मिळाले आणि परदेशी प्रवाशांचा ओघ वाढू लागला. २०१६ च्या ऑक्टोबरपासून काही विमानतळांवर फिरती उपकरणे आली. प्रवासी अधिकाऱ्यापुढे पोहोचण्याआधीच, रांगेत उभा असताना, त्याचे ठसे व छायाचित्र घेऊन ठेवायचे, म्हणजे त्याला ताटकळावे लागणार नाही, अशी ही योजना होती. खुद्द ऑलिंपिकसाठी खेळाडू, पंच, स्वयंसेवक, पत्रकार अशा सुमारे तीन लाख लोकांच्या प्रवेशाकरिता चेहरा ओळखणारी यंत्रणा सिद्ध करण्यात आली. नंतर महासाथ आली. स्पर्धा २०२१ वर गेली, त्या वर्षीच्या मार्चमध्ये परदेशी प्रेक्षकांना प्रवेश नाकारण्यात आला आणि बहुतेक सामने रिकाम्या प्रेक्षागारांपुढे झाले.

ज्या पाहुण्यासाठी एवढी सिद्धता झाली तो प्रेक्षक आलाच नाही. सीमेवरची पद्धत मात्र उत्सवाविना चालू राहिली, कारण ती उत्सवावर अवलंबून नव्हतीच. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की फिरत्या उपकरणाचे समर्थन पाहुण्याच्या सोयीच्या भाषेत केले जाते. रांग लवकर सरकावी ही इच्छा प्रामाणिक असेल. पण सोय आणि संशय यांसाठी एकच यंत्र वापरले जाते, तेव्हा पाहुण्याला आपण कोणत्या हेतूने तपासले जात आहोत हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

३

परक्याचे स्वागत आधी की ओळख आधी, हा प्रश्न साहित्याला प्राचीन काळापासून पडलेला आहे. होमरच्या 'ओडिसी'तील आठव्या सर्गात फेशियन लोकांच्या राजवाड्यात क्रीडास्पर्धा होतात. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला एक अनोळखी माणूस तेथे पाहुणा आहे. त्याला अन्न, वस्त्र, आसन मिळाले आहे. डिवचला गेल्यावर तो थाळीही फेकतो आणि सर्वांना मागे टाकतो. आपले नाव ओडिसियस असल्याचे तो सांगतो ते त्यानंतर, नवव्या सर्गाच्या आरंभी. आणि नुसते नाव सांगून तो थांबत नाही, आपली सारी कथा सांगतो. या व्यवस्थेत ओळख हे प्रवेशाचे शुल्क नाही. ती आतिथ्यातून निष्पन्न होते, आणि तिचे रूप कथनाचे आहे. ऑलिंपियाच्या स्पर्धांच्या काळात तेथे जाणाऱ्या-येणाऱ्यांना निर्धोक वाट देण्याचा जो करार ग्रीक नगरराज्ये पाळत, त्यामागेही परक्याविषयीची हीच जाणीव असावी.

त्याच महाकाव्यात देहखुणेवरून पटणारी ओळखही आहे. वेषांतर केलेल्या ओडिसियसचे पाय धूत असताना वृद्ध दाईला त्याच्या मांडीवरचा व्रण सापडतो. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'च्या सोळाव्या प्रकरणात अभिज्ञानाचे प्रकार लावताना जन्मखुणा, व्रण, दागिने अशा चिन्हांवरून होणाऱ्या अभिज्ञानाला सर्वांत खालची पायरी दिली आहे. त्यातही त्याने एक सूक्ष्म भेद केला. पुरावा म्हणून खूण मुद्दाम दाखवणे कमी प्रतीचे, आणि दाईच्या प्रसंगाप्रमाणे घटनांच्या ओघात खूण आपसूक प्रकट होणे त्याहून बरे. व्रण एकच आहे. पण एका ठिकाणी तो सेवेच्या कृतीत सापडतो, दुसऱ्या ठिकाणी साक्षीसाठी पुढे केला जातो. ॲरिस्टॉटलचा निकष कलेचा आहे, नीतीचा नव्हे, हे खरे. पण ज्या अभिज्ञानात माणसाच्या कृती-उक्तीला काही स्थान नाही ते उणे, हे त्याचे निरीक्षण कलेपुरते मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

कालिदासाने हा प्रश्न अधिक खोल नेला. 'अभिज्ञानशाकुंतला'तील अनर्थाचे मूळ आतिथ्यभंगात आहे. दारी आलेल्या दुर्वासाकडे विरहमग्न शकुंतलेचे लक्ष जात नाही. अतिथीची दखल घेतली गेली नाही, आणि त्याचा शाप असा की जिच्या ध्यानीमनी जो आहे त्यानेच तिला ओळखू नये. सख्यांच्या विनवणीने उःशाप मिळतो तो खुणेच्या अलंकाराचा. म्हणजे ज्या जगात परक्याचे स्वागत चुकले, त्या जगात माणूस स्वतःच्या बळावर ओळखला जाण्यास अपात्र ठरतो आणि त्याला वस्तूचा आधार लागतो. पाचव्या अंकात शकुंतला राजसभेत स्वतः उभी आहे, बोलते आहे, आठवणी सांगते आहे. अंगठी मात्र हरवली आहे. राजाच्या लेखी तिच्या बोलण्याला किंमत नाही. आधुनिक सीमेवरच्या प्रवाशाची स्थिती याच अंकातली आहे. फरक इतकाच की अंगठी आता बोटातून बोटाच्या त्वचेत गेली आहे. ती हरवत नाही. पण म्हणूनच ती काढूनही ठेवता येत नाही.

पॉल रिकर या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'तोच असणे' आणि 'स्वतः असणे' असा भेद केला. पहिल्याचा आधार सातत्याने न बदलणाऱ्या खुणांत आहे. दुसऱ्याचा आधार दिलेला शब्द पाळण्यात आहे. काळ लोटला, मन बदलले, तरी मी शब्दाला जागेन, असे म्हणणाऱ्याची ओळख बोटाच्या ठशात सापडत नाही. जुळणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसरा विचारतच नाही. ते तिचे काम नव्हे, असे म्हणता येईल. अडचण अशी की दुसरा प्रश्न विचारणारे दारात मग कोणीच उरत नाही.

४

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ५ सप्टेंबर १९७२ रोजी म्युनिकच्या ऑलिंपिक नगरीत सशस्त्र हल्लेखोर कुंपण ओलांडून शिरले. इस्रायली पथकातील अकरा जण त्या हल्ल्यात प्राणास मुकले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची छाया पुसून टाकावी, पाहुण्यांना पहाऱ्यातला देश दिसू नये, या सदिच्छेने तेथील बंदोबस्त मुद्दाम सौम्य ठेवण्यात आला होता. त्या सौम्यपणाची किंमत पाहुण्यांनी मोजली. यजमान हा एका वेळी एकाचा यजमान नसतो, हे म्युनिकने शिकवले. एमॅन्युएल लेव्हिनास यांच्या नीतिविचारात समोरचा चेहरा अमर्याद आवाहन करतो. पण 'तिसरा' येताच तुलना, न्याय, नियम यांची गरज उत्पन्न होते, असे त्यांनीही मान्य केले आहे. आत बसलेला पाहुणा हा तो तिसरा होय. त्याच्यासाठी दारातल्याला विचारावेच लागते.

दुसरा आक्षेप याहून बोचरा आहे. माणसाने माणसाला ओळखणे ही काही निर्मळ क्रिया नव्हे. सीमेवरचा अधिकारी कातडीचा रंग, उच्चार, आडनाव, दाढी पाहून निर्णय करतो. आणि शकुंतलेला नाकारणारा दुष्यंत हा माणूसच होता. यंत्राला पूर्वग्रह नसतो, म्हणून जुळणी हीच अधिक न्याय्य, असा हा युक्तिवाद आहे.

यातील पहिला आक्षेप तपासणीची गरज सिद्ध करतो, तिचे कोणतेही रूप सिद्ध करत नाही. दुसऱ्याला अनुभवाने उत्तर दिले आहे. जून २०१७ मध्ये कार्डिफ येथे युरोपातील चॅम्पियन्स लीग फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. इटली व स्पेन येथील संघ खेळत होते, म्हणजे पाहुणे मोठ्या संख्येने परदेशी होते. पोलिसांच्या चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेने त्या प्रसंगी २,४७० वेळा संशयिताशी मेळ बसल्याचा इशारा दिला. त्यातले २,२९७ इशारे चुकीचे निघाले. २०१९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की चेहरा ताडून पाहणाऱ्या अनेक प्रणाली आशियाई व आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत दहा ते शंभर पटींनी अधिक वेळा चुकीचा मेळ दाखवत होत्या. प्रणाली सुधारतात, आकडे घटतात, हे खरे. पण आकडा कितीही घटला तरी चुकीच्या मेळात सापडलेल्या माणसाचा प्रश्न शिल्लक राहतो : तो काय म्हणू शकतो? अधिकाऱ्याच्या पूर्वग्रहाशी वाद घालता येतो, निदान त्याला पूर्वग्रह म्हणता येते. जुळणीशी वाद घालायचा तर स्वतःच्याच देहाविरुद्ध साक्ष द्यावी लागते.

५

देहाची साक्ष शब्दाहून वरचढ मानण्याच्या या वृत्तीचा इतिहास भारताशी निगडित आहे. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या सामानाच्या करारनाम्यावर तळहाताचा ठसा घेतला. कोनाईने पुढे आपली सही नाकारू नये, त्याला धाक बसावा, एवढाच त्याचा हेतू होता. ठशांचे शास्त्र तेव्हा जन्मलेले नव्हते. म्हणजे ठसा प्रथम आला तो अविश्वासाचे चिन्ह म्हणून, विज्ञान त्यामागून आले. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि तेथून ही पद्धत जगभर पसरली. मराठीत 'अंगठेबहाद्दर' हा शब्द ज्या उपहासाने वापरला जातो त्यातही हेच गृहीत आहे : ज्याला शब्द नाही त्याने अंगठा द्यावा. आज पदवीधर, साहित्यिक, विजेता खेळाडू, सारेच परक्या दारात अंगठा देतात. ही समता आहे खरी. पण ती सर्वांचा शब्द सारखाच निरुपयोगी ठरवून साधलेली आहे.

ट्रान्सवालमधील हिंदी लोकांच्या सक्तीच्या नोंदणीविरुद्ध गांधीजींनी १९०६ पासून जो लढा दिला, त्यात या प्रश्नाचे आणखी एक अंग उजेडात आले. १९०८ च्या आरंभी तडजोड झाली, तेव्हा गांधीजींनी स्वेच्छेने ठसे देण्यास मान्यता दिली आणि त्यापायी त्यांच्यावर स्वकीयाचाच हल्लाही झाला. सक्तीने घेतलेला ठसा आणि विश्वासाने दिलेला ठसा यांत ते जमीनअस्मानाचा फरक मानत होते. सरकारने कायदा मागे घेण्याविषयीची अपेक्षा पुरी केली नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्ग येथील हमीदिया मशिदीच्या प्रांगणात नोंदणीपत्रांची होळी झाली. परदेशी पाहुणा आपखुशीने येतो, त्याला बळजबरी कोठे आहे, असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. संमती ही मागे घेता येण्याजोगी असेल तरच संमती. कागद जाळता येत होता. संग्रहात गेलेला ठसा देणाऱ्याच्या हाती परत येत नाही.

अमेरिकेने ५ जानेवारी २००४ पासून परदेशी प्रवाशांचे ठसे घेण्यास आरंभ केला, तेव्हा इटालियन तत्त्वज्ञ जॉर्जो आगाम्बेन यांनी न्यूयॉर्क विद्यापीठातील आपले अध्यापन रद्द केले आणि या पद्धतीची तुलना छळछावणीतील कैद्यांच्या हातावर गोंदलेल्या क्रमांकांशी केली. ही तुलना न पटणारी आहे. तिच्यामुळे संहाराची भीषणताही पुसट होते आणि सीमेवरचा प्रश्नही. परंतु राज्यसंस्थेने नागरिकत्वाचा संबंध कृती-उक्तीशी न जोडता जैविक देहाशी जोडला आहे, हे त्यांचे निदान त्या तुलनेविना उभे राहू शकते, आणि काळाने ते खोडून काढलेले नाही. २६ डिसेंबर २०२५ पासून त्याच देशात लागू झालेल्या नियमाने येणाऱ्या आणि जाणाऱ्या परकीयांच्या छायाचित्राची तरतूद केली. चौदा वर्षांखालील मुले आणि एकोणऐंशी वर्षांवरील वृद्ध यांना पूर्वी असलेली सूटही काढून घेतली. नियम क्रीडास्पर्धेसाठी केलेला नव्हता. पण २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकात ४८ संघ आणि १०४ सामने ठरलेले, आणि त्यांतले बहुतेक त्याच देशात. तेथे परकीयाच्या छायाचित्राची नोंद ७५ वर्षांपर्यंत ठेवता येते; नागरिकाचे छायाचित्र बारा तासांत काढून टाकायचे असते.

बारा तास आणि पंचाहत्तर वर्षे यांतील अंतरात या विषयाचा नैतिक गाभा आहे. अतिथी या शब्दाची आपल्याकडे दिली जाणारी एक व्युत्पत्ती, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी आहे. त्याला आणखी एक अर्थ जोडता येईल : अतिथी हा जाणारा असतो. तो गेला की घर पूर्ववत होते. पाहुण्याला आतिथ्य देणे म्हणजे त्याला जाऊ देणेही होय. सामना नव्वद मिनिटांचा, मुक्काम आठवड्याचा, आणि नोंद त्या माणसाच्या उर्वरित आयुष्याहून मोठी, तेव्हा तो पाहुणा राहत नाही. तो गेल्यानंतरही दारात उभा असलेला संशयित होतो. विस्मरण हा दुष्यंताचा शाप होता. आपल्या काळाच्या यजमानाला विसरताच येत नाही.

६

जाक देरिदा यांनी १९९६ च्या आपल्या व्याख्यानांत निरपेक्ष आतिथ्य आणि सापेक्ष आतिथ्य यांतील तणाव मांडला. परक्याचे नावही न विचारता त्याला आत घ्यावे, ही आतिथ्याची परमावधी. नाव विचारणे, नियम लावणे, ही त्याची व्यवहारातील अट. पहिल्याविना दुसरे निष्प्राण, दुसऱ्याविना पहिले अशक्य. क्रीडामहोत्सवाच्या दारात हा तणाव सुटणार नाही. तो जागा ठेवणे एवढेच शक्य आहे. त्यासाठी यजमानाला स्वतःवर काही बंधने घालता येतात, आणि काहींनी ती घातलीही आहेत. पॅरिस ऑलिंपिकसाठी फ्रान्सने १९ मे २०२३ रोजी केलेल्या कायद्यात गर्दीवर संगणकीय नजर ठेवण्यास मुभा दिली, पण त्या यंत्रणेत चेहरा ओळखण्याचे तंत्र वापरण्यास स्पष्ट मनाई केली. याउलट रशियाने २०१८ च्या विश्वचषकासाठी प्रेक्षकांची ओळखपत्रे काढली आणि ती कल्पना पुढे देशांतर्गत फुटबॉलसाठी कायद्यात आणली. तेथील प्रेक्षकांनीच मग बहिष्कार पुकारले. पाहुण्यावर करून पाहिलेला प्रयोग घरच्यांवर लागू होण्यास वेळ लागत नाही. २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून आधार क्रमांकांचे वाटप सुरू झाले, त्याची वाट उलट दिशेची होती. तेथे घरच्यांपासूनच आरंभ झाला. दिशा कोणतीही असो, घरचा आणि परका यांच्या भवितव्यांत फारसे अंतर राहत नाही.

तेव्हा कसोटी अशी लावावी लागेल. जुळणी चुकली तर पाहुण्याला बोलता येईल आणि त्याचे बोलणे ऐकून निर्णय फिरवण्याचा अधिकार असलेला माणूस दारात असेल का? उत्सव संपल्यावर, पाहुणा गेल्यावर, नोंद पुसली जाईल का? आणि परक्याकडून जे घेतले जाते ते यजमान आपल्या नागरिकाकडून त्याच अटींवर घेण्यास धजेल का? या तिन्ही प्रश्नांना होकार देता येत असेल, तर तपासणी ही आतिथ्याची एक अट राहील. नकार येत असेल, तर तिला आतिथ्य म्हणू नये. परक्या माणसाच्या शब्दाला किंमत देण्याचे काम आपण सोडून दिले आहे, असे उघड मान्य करावे.

कालिदासाच्या सातव्या अंकात खुणांची उणीव नाही. मुलाच्या तळहातावर चक्रवर्तीचे लक्षण आहे, त्याच्या मनगटातून गळून पडलेला ताईत आहे, राजाच्या बोटात सापडलेली अंगठीही आहे. इतके सारे जुळूनही पुनर्मीलन पूर्ण होते ते राजाने तिच्या पायांवर मस्तक ठेवल्यावर. नंतर तो अंगठी पुन्हा तिला देऊ करतो, तेव्हा शकुंतला ती घेत नाही. त्या वस्तूवर तिचा विश्वास उरलेला नाही. राजानेच ती घालावी, असे ती सांगते. आपली ओळख पुन्हा खुणेच्या स्वाधीन करायची नाही, हा त्या नकाराचा अर्थ आहे, आणि ज्याला एकदा दारात उभे राहून आपला शब्द फुकट गेल्याचे पाहावे लागले, त्यालाच तो पुरता कळेल.